काडात दडलेला लांडगा

पीक निघालं, धान्य घरात आलं, की रानात काय उरतं? शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, धसकटं, काड, थोडा पालापाचोळा आणि मळताना सांडलेले दाणे. मेंढपाळाला विचारलं तर तो म्हणेल, आमचं रान तर आता सुरू झालं! जगात जिथं जिथं शेती आणि मेंढपाळी शेजारी-शेजारी वाढल्या, तिथं तिथं या दोघांत एक न लिहिलेला करार झालेला दिसतो. आपल्याकडे पावसाळा संपला की धनगरांचे कळप घाट उतरून कोकणात जातात आणि भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवल्या जातात. मेंढ्यांना चरायला मिळतं, जमिनीला लेंडीखत मिळतं, आणि मेंढ्या बसवल्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. दोघांचाही फायदा होतो, म्हणून हा करार पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

या कराराच्या मुळाशी एक साधा विश्वास आहे. ज्या पिकाला आपण आपलं म्हटलं, त्याचं काड जनावराला बाधणार नाही, हा तो विश्वास. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत या विश्वासाला तडा गेला. हजारो मेंढ्या मेल्या. दोष पिकाला दिला गेला. खरा गुन्हेगार त्याच पिकाच्या वाळलेल्या काडावर, अगदी उघड्यावर बसलेला होता. त्याला नावही दिलं गेलं होतं. तरीही त्याच्यावरचा आरोप सिद्ध व्हायला नव्वद वर्षं लागली. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण माणसांच्या न्यायाबद्दल वापरतो. विज्ञानाच्या इतिहासातही ती कशी लागू पडते, ते या हकिकतीत दिसतं.

हे पीक आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असेल. त्याचं नाव ल्युपिन. हरभरा, तूर, वाटाणा यांच्याच शेंगवर्गीय कुळातलं हे झाड. पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, आणि उभ्या तुऱ्यांवर पिवळी, निळी किंवा पांढरी फुलं. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात ते हजारो वर्षांपासून माहीत आहे. लॅटिन भाषेत ‘लुपस’ म्हणजे लांडगा, आणि त्यावरूनच ल्युपिन हे नाव आलं. लांडग्याचं नाव का, याची एक उपपत्ती अशी सांगतात की, अगदी निकस, वालुकामय जमिनीत हे झाड दिसायचं, तेव्हा लोकांना वाटलं की हेच जमिनीचा कस खाऊन टाकत असावं. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. ल्युपिन जमिनीला खायला घालणारं झाड आहे. पण एकदा बदनामी झाली की ती नावाला चिकटून राहते.

उत्तर जर्मनीतली जमीन म्हणजे मैलोन्‌मैल वाळू. ब्रांडेनबुर्ग आणि पोमेरानिया हे प्रांत त्यासाठी प्रसिद्धच होते. (पोमेरानियाचा बराचसा भाग आज पोलंडमध्ये आहे.) प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याने १७८१ मध्ये या वाळूत ल्युपिन लावून पाहण्याचा प्रयत्न केला होता. तो फारसा फळला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र पिवळ्या फुलांचा ल्युपिन तिथं झपाट्यानं पसरला. अल्बर्ट शुल्ट्स नावाच्या शेतकऱ्यानं १८५५ मध्ये लुपिट्स इथं वालुकामय जमीन घेतली आणि ल्युपिनच्या आधारानं ती सुपीक करून दाखवली. हे कसं घडतं, याचं उत्तर पुढं हेरमान हेलरिगेल या शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये दिलं. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असलेलं सत्य तेव्हा जगापुढं आलं.

म्हणजे ल्युपिननं जमीन सुधारली, आणि वर चाराही दिला. त्या काळी जर्मनीत मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर हा मोठा व्यवसाय होता. १८७३ च्या गणतीत देशात सुमारे अडीच कोटी मेंढ्या होत्या. हिवाळ्यात या कळपांना घालायचं काय, हा दरवर्षीचा प्रश्न. ल्युपिनचं काड, शेंगा आणि दाणे हे त्याचं स्वस्त उत्तर होतं. वाळूतून सोनं निघालं, असंच शेतकऱ्यांना वाटलं असणार.

आणि मग १८७० च्या दशकात मेंढ्या मरू लागल्या. दुखणं सुरू व्हायचं ते गुपचूप. मेंढी चरणं सोडायची, कळपाच्या मागं रेंगाळायची, मान खाली घालून एका जागी उभी राहायची. मग डोळ्यांचा पांढरा भाग आणि तोंडाच्या आतली कातडी पिवळी पडायची. कावीळ! काही मेंढ्या आंधळ्यासारख्या भरकटायच्या. मेलेली मेंढी फाडून पाहिली तर यकृत सुजून पिवळंजर्द झालेलं दिसायचं. जी जास्त दिवस तग धरून मेली असेल, तिचं यकृत आक्रसून कडक झालेलं असायचं. १८८० सालची पोमेरानियातली एक नोंद या विषयाच्या ग्रंथांत नेहमी दिली जाते. ल्युपिन खाणाऱ्या २,४०,००० मेंढ्यांपैकी १४,१३८ मेल्या. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ सहा. हे झालं सरासरीनं. प्रत्यक्षात एखाद्या शेतकऱ्याचा कळपच्या कळप बसायचा आणि शेजाऱ्याच्या मेंढ्या तेच ल्युपिन खाऊन खुशाल असायच्या.

या रोगाला ‘ल्युपिनोसिस’ असं नाव मिळालं. म्हणजे नावातच निकाल लागला. गुन्हेगार ठरला ल्युपिन. आणि संशय घ्यायला कारणही होतं. ल्युपिनचा दाणा मुळात कडू. त्या कडूपणाला कारण असलेली अल्कलॉइड नावाची द्रव्यं विषारीच असतात. त्यांनीही जनावरं मरतात, पण ती वेगळ्या तऱ्हेनं. श्वास लागतो, झटके येतात आणि काही तासांत निकाल लागतो. त्यात कावीळ होत नाही आणि यकृतही बिघडत नाही. एकाच झाडाशी दोन निरनिराळ्या विषबाधा जोडलेल्या होत्या, आणि त्यामुळं गोंधळ अधिकच वाढला.

या टप्प्यावर गोष्टीत येतात युलियस क्यून. जन्म १८२५ चा. आधी जमीनदारांच्या शेतीचा कारभार पाहिलेला हा माणूस पुढं हाले विद्यापीठात शेतीशास्त्राचा प्राध्यापक झाला. पिकांच्या रोगांवरचं त्यांचं १८५८ चं पुस्तक या शास्त्राच्या पायाभूत पुस्तकांपैकी मानलं जातं. त्यांनी १८७८ मध्ये एका शेतात सलग राय हे धान्य पेरण्याचा प्रयोग सुरू केला. तो हालेमध्ये अजून चालू आहे! पिकांच्या रोगांचा हा जाणकार जनावरांचाही अभ्यासक होता. संस्थेच्या आवारात त्यांनी नाना जातींच्या पाळीव जनावरांचा मोठा संग्रह ठेवला होता. एका हातात झाड आणि दुसऱ्या हातात जनावर असलेला असा माणूस त्या काळात विरळाच.

क्यून यांनी १८८० मध्ये दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे मेंढ्यांच्या या रोगाचा सविस्तर अभ्यास. हा रोग कडू अल्कलॉइडांचा नव्हे, एखाद्या वेगळ्याच द्रव्याचा आहे, हे त्यांनी ओळखलं. कावीळ निर्माण करणारं द्रव्य म्हणून त्यांनी त्याला ‘इक्ट्रोजेन’ असं नाव दिलं. दुसरी गोष्ट म्हणजे, ल्युपिनच्या काडावर वाढणाऱ्या एका बुरशीचं शास्त्रीय वर्णन करून तिला त्यांनी नाव दिलं. वाळलेल्या काडावर बारीक काळे ठिपके दिसायचे, ती ही बुरशी. आज आपल्याला माहीत आहे की, क्यून यांचं ते अज्ञात द्रव्य ही बुरशीच तयार करत होती. विष आणि विष करणारी, दोन्ही एकाच माणसानं एकाच वर्षी नोंदवली होती. मधला धागा तेवढा जोडायचा राहिला.

का राहिला? क्यून यांना दोष देण्यात अर्थ नाही. बुरशीचा संशय त्या काळीही बोलून दाखवला गेला होता. पण सिद्ध करणं अवघड होतं. मेलेल्या काडावर बुरशी ही तर जगभराची रीत. पावसाळ्यात लाकडावर भूछत्र आलं म्हणून कुणी दचकत नाही. शिवाय ठिपके असलेलं सगळंच काड सारखं विषारी नसायचं. आणि त्या वेळी रोगकारक म्हणून शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढं होते ते शरीरात शिरून वाढणारे सूक्ष्म जंतू. बुरशी बाहेरच काडावर राहते, तिथं विष तयार करते, आणि बुरशीचा कण अंगात न वाढताही ते विष जनावराला मारतं, ही कल्पना राय धान्यावरच्या अर्गटसारख्या मोजक्या उदाहरणांपलीकडे गेलेली नव्हती.

शेतकऱ्यांनी मग आपला मार्ग शोधला. मेंढ्यांना ल्युपिन घालणं कमी झालं. पुढं मेंढ्याच कमी झाल्या, कारण ऑस्ट्रेलियासारख्या वसाहतींतून स्वस्त लोकर येऊ लागली होती. विसावं शतक उजाडेपर्यंत जर्मनीतल्या मेंढ्या एक कोटीच्या खाली आल्या. रोग जिंकला गेला नाही. तो पोसायला जनावरंच उरली नाहीत, म्हणून विसरला गेला.

दरम्यान दुसऱ्या बाजूनं ल्युपिनची शुद्धी चालू होती. १९२० च्या दशकाअखेर राइनहोल्ड फॉन सेंगबुश या जर्मन संशोधकानं लाखो झाडं तपासून त्यांतून कडूपणा जवळजवळ नसलेली मोजकी झाडं वेचून काढली. हा झाला ‘गोड ल्युपिन’. कडू गेलं म्हणजे विष गेलं, असं कुणालाही वाटावं. पण गोड ल्युपिनमधून गेलं ते अल्कलॉइड. काडावरच्या बुरशीला दाणा कडू की गोड याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता आपल्याला जर्मनीतून पश्चिम ऑस्ट्रेलियात जायचं आहे. जर्मन लोकरीला ज्यांनी मागं टाकलं, त्या मेंढ्यांच्या देशात. तिथंही मैलोन्‌मैल वाळू आहे, आणि भूमध्य प्रदेशातून आलेला ल्युपिन त्या वाळूत रानोमाळ पसरला होता. उन्हाळ्यात सगळं गवत वाळून जातं, तेव्हा मेंढ्या ल्युपिनचं काड आणि दाणे खाऊन जगत. १९४० च्या दशकाअखेर तिथल्या मेंढ्यांत तीच जुनी कावीळ दिसू लागली. हॅरोल्ड बेनेट्स हे तिथले नावाजलेले पशुरोगतज्ज्ञ. त्यांनी १९५७ मध्ये तिच्यावर लिहिलं. जर्मनीतलं दुखणं सत्तर वर्षांनी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उभं राहिलं होतं.

फरक एवढाच की, आता जगाची नजर बदलत होती. दक्षिण आफ्रिकेत मका काढलेल्या रानात चरणारी गुरं अडखळत चालायची, लुळी पडायची. मक्याच्या कणसावरची डिप्लोडिया नावाची बुरशी त्याला कारण आहे, हे डी. टी. मिचेल यांनी १९१८ च्या सुमारास दाखवलं होतं. न्यूझीलंडमध्ये १९३८ साली मेंढ्यांवर एक भयंकर साथ आली. यकृत बिघडायचं आणि मग ऊन लागून तोंडाची कातडी सोलवटायची. त्याचं मूळ कुरणाच्या तळाशी साठलेल्या मेलेल्या गवतावरच्या बुरशीत आहे, हे १९५८ मध्ये स्पष्ट झालं. ते विष वेगळं करण्याच्या कामात रिचर्ड सिंज हे नोबेल पारितोषिक मिळालेले रसायनशास्त्रज्ञही होते. आणि १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड खाऊन मेले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हा शब्द जगाला मिळाला. आपल्याकडे भुईमुगाच्या निर्यातीत हा शब्द आजही व्यापाऱ्यांची झोप उडवतो.

एवढे धडे मिळाल्यावर ल्युपिनच्या काडाकडे पुन्हा पाहणं भागच होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातले एम. आर. गार्डिनर यांनी १९६६ मध्ये ल्युपिनोसिसचं विष बुरशीतून येतं, असं मांडलं. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेत व्हान वार्मेलो, वॉल्टर मरासास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग केला. काडावरची बुरशी वेगळी काढली, प्रयोगशाळेत ती शुद्ध स्वरूपात वाढवली आणि मेंढ्यांना दिली. मेंढ्यांना तीच कावीळ झाली, यकृत तसंच बिघडलं. बुरशीचं नाव होतं फोमॉप्सिस लेप्टोस्ट्रोमिफॉर्मिस. शास्त्रीय नावापुढं, त्या जीवाचं पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात लिहायची पद्धत आहे. इथं कंसात नाव होतं: क्यून. नव्वद वर्षांपूर्वी १८८० मध्ये ज्या बुरशीचं वर्णन त्यांनी केलं, तीच ही. (पुढं १९९४ मध्ये या बुरशीच्या विषारी जातीला डायपॉर्थ टॉक्सिका असं वेगळं नाव मिळालं.)

यानंतरची कामं भराभर झाली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत क्लॉड कल्व्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हे विष वेगळं केलं. त्याला नाव मिळालं फोमॉप्सिन. १९८० च्या दशकात त्याची रचना उलगडली. हे सहा अमिनो आम्लांच्या साखळीचं एक छोटंसं द्रव्य आहे. शरीरातली पेशी दुभंगून दोन होते, तेव्हा तिच्या आत बारीक दोऱ्यांचं एक जाळं तयार होतं आणि ते पेशीतला वारसा दोन्हीकडे ओढून वाटून देतं. फोमॉप्सिन नेमके हे दोरेच तयार होऊ देत नाही. यकृताची पेशी दुभंगायला निघते आणि अर्ध्या वाटेवर अडकून मरते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून कर्करोगावरची जी औषधं करतात, तीही याच दोऱ्यांवर काम करतात. तिथं ते मोजून-मापून कर्कपेशींवर रोखलेलं शस्त्र असतं. इथं मेंढी रोज चरताना ते न मोजता पोटात घेते.

पण सगळ्यांत चकवणारी होती बुरशीची वागण्याची तऱ्हा. ती मेलेल्या काडावर दिसते, म्हणून पीक मेल्यावरच येत असेल असं वाटे. प्रत्यक्षात ती हिरव्या, जोमदार झाडातच शिरलेली असते. पण शिरल्यावर काही करत नाही. खोडाच्या बाह्यत्वचेखाली, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाही अशा बारीक गाठीच्या रूपानं ती झोपून राहते. झाड पिकतं, वाळतं, शेतकरी दाणा काढून नेतो, आणि मग ती जागी होते. उन्हाळ्यात अवेळी पाऊस झाला, दहिवर पडलं, काड ओलावलं, की ती झपाट्यानं पसरते आणि विष तयार करू लागते. एकाच्या मेंढ्या मरतात आणि शेजाऱ्याच्या वाचतात, हे जर्मन शेतकऱ्यांना पडलेलं कोडं इथं सुटलं. एका रानावर सर आली असेल, दुसऱ्यावर नसेल. एकाचा कळप दाणे संपून काड खाऊ लागला असेल, दुसऱ्याचा अजून दाण्यावर असेल.

ऑस्ट्रेलियाला हे उत्तर अगदी वेळेवर मिळालं. कारण त्याच सुमारास तिथं ल्युपिन रानटी न राहता मोठं पीक होऊ लागला होता. जॉन ग्लॅडस्टोन्स या पीकसुधारकानं १९५० च्या दशकापासून अरुंद पानांच्या ल्युपिनवर काम केलं. दाणा गोड, शेंग वाळल्यावर फुटून दाणे उधळणार नाहीत, फुलं पांढरी, असा पहिला वाण ‘युनिव्हाइट’ १९६७ मध्ये आला. गव्हाबरोबर फेरपालट करायला हे पीक फार चांगलं ठरलं. १९९० च्या दशकाअखेर ऑस्ट्रेलियात ल्युपिनचं क्षेत्र दहा लाख हेक्टरच्या पुढं गेलं होतं. आणि कापणीनंतर त्या सगळ्या रानावर चरणार कोण? मेंढ्याच. दाण्यात जवळपास ३० टक्के प्रथिनं असल्यामुळे सांडलेले दाणे वेचून मेंढ्या ऐन उन्हाळ्यात वजन वाढवत. असा चारा सोडणं परवडणारं नव्हतं, आणि त्यातला धोका पत्करणंही.

मग उपाय दोन बाजूंनी झाले. एक बियाण्याचा. ज्या झाडांत बुरशीला मुळात शिरता येत नाही, किंवा शिरली तरी फार वाढता येत नाही, असे वाण निवडले गेले. १९८८ मध्ये आलेला ‘गुंगुरू’ हा त्यांतला सुरुवातीचा एक. दुसरा उपाय राखणीचा. तिथल्या शेती खात्यानं शेतकऱ्यांना शिकवलेले नियम आपल्या कुठल्याही मेंढपाळाला पटतील असे आहेत. मेंढ्या रानात सोडा, पण सांडलेल्या दाण्यावर लक्ष ठेवा. हेक्टरी ५० किलोच्या खाली दाणा आला की कळप हलवा, कारण मग मेंढी काडाकडे वळते. पाऊस झाला की जास्त सावध राहा. काडावर काळे ठिपके आहेत का, ते पाहा. आणि मधूनमधून कळपाला थोडं पळवून बघा. जी मेंढी मागं पडते, तिचे डोळे तपासा. या विषावर उतारा नाही. आजारी मेंढीला त्या रानातून बाहेर काढायचं, सावलीत ठेवायचं, ओटसारखं हलकं धान्य आणि चांगलं वाळलं गवत घालायचं, आणि यकृत सावरण्याची वाट पाहायची.

लस करण्याचेही प्रयोग झाले. माणसाच्या खाण्यात ल्युपिन येऊ लागला, तशी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं ल्युपिनच्या दाण्यात फोमॉप्सिनची मर्यादा किलोमागं ५ मायक्रोग्रॅम अशी बांधून दिली. एका मायक्रोग्रॅमचे दहा लाख झाले की एक ग्रॅम होतो. यावरून या विषाची जात लक्षात यावी.

ल्युपिन आपल्याकडे पिकत नाही, मग या इतिहासाशी आपलं नातं काय? आपल्याच उपखंडातली एक हकिकत पाहा. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात देग नावाचा एक नाला आहे. त्याच्या काठच्या भातशेतीच्या मुलखात हिवाळ्यात म्हशींच्या शेपटीचं टोक, कानाच्या कडा आणि खुरांजवळचा भाग सडून गळून पडायचा. या रोगाला ‘देगनाला’ हेच नाव पडलं. जे. एफ. शिरलॉ यांनी १९३९ मध्ये त्यावर भारतीय पशुवैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढं संशोधकांनी बोट दाखवलं ते ओलसर राहिलेल्या भाताच्या पेंढ्यावरच्या फ्युझेरियम गटातल्या बुरशींकडे. उत्तर भारतात आणि नेपाळातही या रोगाच्या नोंदी आहेत. पीक वेगळं, बुरशी वेगळी, जनावराचा जायबंदी होणारा अवयव वेगळा. पण गोष्ट तीच: दाणा काढून झाल्यावर मागं राहिलेलं काड, त्यावर पडलेला ओलावा, आणि त्यावर विसंबलेलं जनावर.

आपल्याकडे ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यानं जनावर दगावतं, हे खेड्यातला प्रत्येक जाणता माणूस सांगतो. ते विष झाडाचं स्वतःचं असतं. ते कधी येतं, कधी जातं, याचं शहाणपण पिढ्यांनी साठवलेलं आहे. बुरशीचं विष मात्र पाहुणं असतं. एका वर्षी येतं, चार वर्षं येत नाही. एका गंजीत असतं, शेजारच्या गंजीत नसतं. त्यामुळं त्याच्याबद्दलचं शहाणपण साठायला वेळ लागतो. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की आपण नुकसान मोजतो ते दाण्याचं. कडबा काळा पडला, भुसकटाला कुबट वास येऊ लागला, तर उन्हात टाकून तेच गुरांपुढं ओढतो. उन्हानं बुरशी वाळते, पण तिनं आधीच करून ठेवलेलं विष बहुधा जागच्या जागी राहतं. चाराटंचाईच्या दिवसांत काळं पडलेलं काड फेकून द्या म्हणणं सोपं नाही, हे खरं. निदान दुभत्या, गाभण आणि लहान जनावरांपुढं तरी ते जाऊ नये. आणि एकाच गंजीवरची दोन-तीन जनावरं एकदम मलूल झाली, तर पशुवैद्यकाला जनावराबरोबर गंजीही दाखवावी.

क्यून यांच्या नव्वद वर्षांतून घ्यायचं ते हेच. जनावराचा डॉक्टर जनावर पाहतो, पिकाचा जाणकार पीक पाहतो, आणि विष या दोघांच्या मधल्या जागेत, कुणाच्याच नावावर नसलेल्या काडात बसून राहतं. तिथं प्रथम पाऊल पडतं ते गुराख्याचं आणि मेंढपाळाचं. कळपातली कोणती मेंढी मागं राहिली, हे सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसतं. त्याचं म्हणणं वेळीच ऐकलं जावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)